कूलर, एसी की हीट पंप? खापरच्या घराचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि खापरहून बाबांचा फोन आला, "आता घेऊन टाकू का?" घरातला इंजिनिअर मी, म्हणून हिशोबही माझ्याकडेच.

आधी एक गोष्ट समजून घ्या. एसी हा हीट पंपच आहे. तो थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीच क्रिया उलटी केली की पाणी गरम होतं. एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. हीटरच्या रॉडला एका युनिटात एकच.

मग रॉड फेकायचा? थांबा. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायला रॉडला सुमारे ०.६ युनिट लागतं, हीट पंपला ०.२. घरात पाच जण, म्हणजे रोज दोन युनिटची बचत. आमच्याकडे खरी थंडी दोनेक महिने, म्हणजे वर्षाला १२० युनिट. एवढ्यात हीट पंपचे पैसे लवकर वसूल होत नाहीत. लॉज किंवा होस्टेल असेल तर गोष्ट वेगळी.

आता उन्हाळा. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. मेमध्ये ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २९ अंशांच्या आसपास हवा देतो, तेही २०० वॅटच्या आत-बाहेर. जूनमध्ये ३६ अंश आणि ६५ टक्के झालं, की तोच कूलर ३१ च्या खाली जात नाही, वर चिकचिक. घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. आमच्या आजीला खरा त्रास होतो तो तेव्हाच.

म्हणून बाबांना सांगितलं:

• मेमध्ये कूलरच, पण खिडकी उघडी ठेवून.
• आजीच्या खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी. २६ अंशांवर, सोबत पंखा.
• त्याआधी छताला पांढरा थर, वायरिंग आणि अर्थिंगची तपासणी, आणि वीजबिलावरचा मंजूर भार बघणं.
• स्टार मोजताना लेबलवरचं वर्षही बघा. निकष कडक होत जातात. जुना पाच स्टार म्हणजे नवा पाच स्टार नव्हे.

बाबा म्हणाले, "म्हणजे घ्यायचाच ना?"

हो, घ्यायचा. पण जीएसटी कमी झाला म्हणून नाही, आजीसाठी.