फाँश: एका रेघेसाठी कोर्टात गेलेलं नाव

मंडळी, बाळाचं नाव ठरवताना आपल्या घरांत किती खल होतो हे मी सांगायला नको. रास कोणती, आद्याक्षर कोणतं, आत्याला पसंत आहे का, शाळेत पोरं चिडवणार तर नाहीत? पण सगळं ठरल्यावर सरकारी वकील उठतो आणि म्हणतो, "या नावातली एक रेघ देशाच्या कायद्यात बसत नाही", असं कधी ऐकलंय? फ्रान्समध्ये हे घडलंय. तेही अलीकडे, २०१७ मध्ये.

नाव आहे फाँश. मुलाचं नाव, ब्रेटन भाषेतलं. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, समुद्रात घुसलेल्या ब्रिटनी प्रांतात ही भाषा बोलली जाते. फ्रान्समध्ये असली तरी ती फ्रेंचची बोली नाही. ती केल्टिक भाषा आहे, कॉर्निश आणि वेल्श या तिच्या सख्ख्या बहिणी. १९५० च्या सुमारास ती बोलणारे दहा लाखांच्या आसपास होते. २०२४ च्या पाहणीत ते जेमतेम एक लाख सात हजार उरलेत, आणि त्यांतले बरेचसे वयस्कर.

फाँश हे फ्रान्सेझ या नावाचं घरगुती, लाडाचं रूप. फ्रान्सेझ म्हणजे फ्रेंचमधला फ्रांस्वा, इटालियनमधला फ्रांचेस्को, इंग्रजीतला फ्रान्सिस. गोव्यात तर या नावाची माणसं गावोगाव भेटतात, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या कृपेने. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काय? "फ्रँक लोकांपैकी", पुढे "फ्रेंच माणूस". असिसीच्या संत फ्रान्सिसचं बाप्तिस्म्याचं नाव जोवान्नी होतं. फ्रान्सशी व्यापार करणाऱ्या वडिलांनी त्याला फ्रांचेस्को म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव जगभर पसरलं.

म्हणजे गंमत बघा. ज्या नावाचा अर्थच "फ्रेंच", ते फ्रान्सच्या एकतेला धोका आहे असं फ्रान्सच्याच कोर्टात मांडलं गेलं.

भांडण कशावरून? हे नाव रोमन लिपीत लिहिताना 'एन' या अक्षरावर लाटेसारखी छोटी रेघ येते. तिला टिल्डे म्हणतात. ही रेघ नक्षीसाठी नाही. ब्रेटनमध्ये ती सांगते की इथे 'न' वेगळा म्हणायचा नाही, आधीचा स्वर नाकातून काढायचा. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपला चंद्रबिंदू हेच काम करतो. 'फाँश' असं लिहिलं की झालं.

केंपेर गावात २०१७ च्या मे महिन्यात जन्मलेल्या एका बाळाला आईवडिलांनी हे नाव दिलं. नगरपालिकेने आधी नकार दिला, मग नोंद मान्य केली. त्यावर सरकारी वकील कोर्टात गेले. त्यांचा आधार २०१४ चं एक सरकारी परिपत्रक. नावांमध्ये कोणत्या खुणा चालतील याची यादी त्यात होती आणि टिल्डे त्या यादीत नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये केंपेरच्या कोर्टाने आईवडिलांच्या विरुद्ध निकाल दिला. भूमिका अशी, की ही खूण मान्य करणं म्हणजे देशाची एकता आणि सर्वांची समानता राखण्याच्या इच्छेला तडा देणं.

आईवडील मागे हटले नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये रेनच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. टिल्डे फ्रेंचला परका नाही, फ्रेंच शब्दकोशांत तो आहे, असं त्या कोर्टाने म्हटलं. खरंच आहे ते. त्याच सुमारास फ्रान्सच्या गृहखात्यात राज्यमंत्री होते लोरां नुनेझ, आणि त्यांच्या आडनावात हीच रेघ आहे! मंत्र्याला चालते, तान्ह्या बाळाला चालत नाही, याला काय म्हणायचं? ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने सरकार पक्षाचा अर्ज प्रक्रियेच्या मुद्द्यावर फेटाळला आणि त्या एका मुलाचं नाव वाचलं.

पण मुलगा जिंकला म्हणून नाव सुटलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये फ्रेंच संसदेने खासदार पॉल मोलाक यांचा प्रादेशिक भाषांचा कायदा संमत केला. जन्मनोंदीत या भाषांच्या खुणा चालतील असं त्यात एक कलम होतं. मे २०२१ मध्ये घटना परिषदेने ते रद्द केलं. कारण? "प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे" हे घटनेतलं वाक्य. ते १९९२ मध्ये घातलेलं. त्यानंतरही दुसऱ्या फाँशांच्या बाबतीत हाच वाद पुन्हा उभा राहिलाय.

आणि ब्रिटनीसाठी यात नवीन काही नाही. नेपोलियन कॉन्सल असतानाच्या राजवटीत, १८०३ मध्ये, एक कायदा झाला होता. कॅलेंडरमधली संतांची नावं आणि प्राचीन इतिहासातली नावं, एवढीच मुलांना ठेवायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ल गोआर्निक नावाच्या ब्रेटन कुटुंबाने मुलांना ब्रेटन नावं दिली. बारांपैकी सहा मुलांची नोंद सरकारने नाकारली. नोंद नाही, म्हणून ओळखपत्र नाही, कुटुंब भत्ता नाही. कायद्याच्या लेखी ती पोरं जन्मलीच नव्हती. १९६६ मध्ये नियम सैल झाले आणि १९९३ मध्ये नाव निवडण्याचं स्वातंत्र्य आलं. त्याआधीच्या पिढीत तर दाखल्यावर फ्रांस्वा आणि चुलीपाशी फाँश, अशी दोन नावांची माणसं घरोघरी होती. कागदावर आज हे नाव दुर्मिळ दिसतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता दुसरी बाजूही ऐकू. सरकारी नोंदीला शिस्त लागते, हे मला मान्य आहे. उद्या कोणी नावात इमोजी टाकला तर? यादी हवीच. प्रश्न एवढाच की यादी कोणी आणि कोणासाठी करायची. त्या देशातली लाखभर माणसं पिढ्यान्‌पिढ्या जी खूण वापरतात, ती यादीत बसत नसेल तर यादी तोकडी आहे, माणसं नव्हे. यंत्राची सबबही टिकत नाही. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत सगळ्या देशांची नावं साध्या रोमन अक्षरांतच लिहितात. वर माणसाने वाचायचं नाव पूर्ण खुणांसकट ठेवता येतं. सोय आहे, इच्छा नाही.

आणि एकतेचं म्हणाल, तर आपल्या मुलाला "फ्रेंच माणूस" असं नाव आपल्या भाषेत देणारा बाप देश तोडत नाहीये. तो दोन्ही घरं जोडतोय.

हे सगळं आपण कशाला वाचायचं? कारण आपलीही गोष्ट फार लांबची नाही. 'ळ' बघा. इंग्रजीत काळे आणि काले एकच. तिथपर्यंत ठीक, ती लिपीच वेगळी. पण तेच इंग्रजी नाव यंत्र परत देवनागरीत आणतं तेव्हा? माझ्या नात्यातल्या एका निळकंठचं आधार कार्ड 'निलकंठ' होऊन आलं. नोंदणी केंद्रावर उत्तर मिळालं, "चालतं हो, कोण बघतंय." मुंबईतल्या टर्मिनसवर हिंदीत 'लोकमान्य तिलक' लिहिलेलं रोज हजारो मराठी माणसं बघतात. अनुस्वाराचंही तेच. १९६२ च्या लेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि 'नांव' चं 'नाव' झालं. ते आपण आपल्या भाषेच्या सोयीसाठी, चर्चा करून केलं. नको ते टिंब आपण स्वतः काढणं वेगळं आणि हवी ती रेघ दुसऱ्याने खोडणं वेगळं. हाच तर मुद्दा आहे.

आणि आरसा आपल्याकडेही वळवा. आपल्या कार्यालयांत गोंडी, भिली, कोरकू घरांतली मुलं नाव सांगतात तेव्हा टेबलापलीकडचा माणूस ते जसंच्या तसं लिहितो का? की "असं नाव असतं का?" म्हणून सोपं करून टाकतो? ब्रिटनीवर हळहळायचं आणि मेळघाटातल्या पोराचं नाव बदलून लिहायचं, हे जमणार नाही.

म्हणून एक साधं काम सांगतो. जन्म दाखला हातात आला की इंग्रजी स्पेलिंगबरोबर मराठी नावही अक्षर अक्षर तपासा. काना, मात्रा, ळ, सगळं. चुकलं असेल तर तिथेच दुरुस्तीचा अर्ज द्या, "नंतर बघू" नको. एकदा शाळेच्या दाखल्यावर चढलं की ते प्रत्येक कागदावर चढतं. काउंटरवरच्या माणसाला कंटाळा आला तरी येऊ दे.

केंपेरच्या त्या आईवडिलांनी एका रेघेसाठी अडीच वर्षं कोर्टकचेरी केली. आपल्याला फक्त एक अर्ज करायचाय.

तुमच्या कागदांवर नावाचं काय झालंय? कमेंटमध्ये लिहा.