गव्हाच्या शिवारातली विमानशाळा

ज्वारी हुरड्यात आली की आपण माळ्यावर बसून पाखरे राखतो. आजची पाखरे मात्र गोफणीने उठणारी नव्हती. पिवळ्याधमक रंगाची, पत्र्याची नि कापडाची, आणि आत बसलेला पोरगा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा.

दुसरे महायुद्ध पेटले आणि इंग्लंडला वैमानिक कमी पडू लागले. शिकवायचे कुठे? बेट लहान, आभाळ ढगाळ, त्यात शत्रूची विमाने डोक्यावर. तेव्हा १७ डिसेंबर १९३९ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी करार करून कॅनडात शाळा काढायचे ठरवले. त्यातल्या पुष्कळशा मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा या गव्हाच्या मुलखात, म्हणजे प्रेअरीत, उभ्या राहिल्या. १९३० नंतरच्या दुष्काळाने नि धुळीच्या वादळांनी तिथला शेतकरी पार खंगलेला. विमानतळांच्या बांधकामाने हातांना काम मिळाले. पण ज्याचे रान धावपट्टीखाली गेले त्याला काय वाटले असेल, ते आपल्याकडच्या धरणग्रस्ताला विचारावे.

धावपट्ट्या तीन, त्रिकोणात आखलेल्या. वारा कुठूनही सुटो, एका तरी पट्टीवर वाऱ्याकडे तोंड करून उतरता यावे. उफणणी करणाऱ्याला हे चटकन कळेल! शिक्षणाची सुरुवात टायगर मॉथ या हलक्या विमानावर. आठ-दहा तास मास्तर बरोबर असत, मग एक दिवस ते उतरून जात आणि पोरगा एकटा आभाळात. तिथली थंडी शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरते, म्हणून कॅनडातल्या टायगर मॉथला वरून बंद झाकण बसवले होते. पुढे हार्वर्ड किंवा दोन इंजिनांचे अॅन्सन. टायगर मॉथ नि हार्वर्ड आपल्या हवाई दलाच्या पोरांनीही चालवली.

वाट कशी सापडे? तिकडची जमीन सरकारी मोजणीने मैल-मैलाच्या चौकोनांत कापलेली, एकेक चौकोन ६४० एकरांचा, बांध सरळ उत्तर-दक्षिण नि पूर्व-पश्चिम. वरून बघणाऱ्याला आयता नकाशाच. तरीही चुकलाच, तर आगगाडीच्या रुळालगतची धान्याची उंच लाकडी कोठारे होती. त्यांवर गावाचे नाव ठळक रंगवलेले. एस.टी.तून रात्री उतरलेला पाहुणा फाट्यावरची पाटी वाचतो, तसा हा खाली येऊन नाव वाचून घेई.

हिवाळ्यात मात्र बर्फाखाली बांध, रस्ता, रूळ सगळे सारखे होई. रात्री तर आभाळ कुठले नि जमीन कुठली, हेच समजेना. काट्यांवर विश्वास ठेवायचा, स्वतःच्या डोळ्यांवर नाही, हे विसरला तो गेला. कुणाची हवेत टक्कर झाली. कुणी बंदी असताना छपरांवरून खाली विमान नेले. लढाईचे तोंड न पाहताच शेकडो पोरे मेली. मूस जॉ, एस्तेव्हान, मेडिसिन हॅट इथे इंग्लंडहून आलेल्या पोरांची थडगी आहेत. समुद्रापलीकडे आईच्या हाती आली ती तार.

जिवंत होती त्यांना तिथल्या शेतकरी घरांनी सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलावले. ज्या घरातला मुलगा स्वतःच लढाईवर गेला होता, त्या माउलीने परक्याला वाढताना काय विचार केला असेल! बायका नुसत्या चुलीपाशी नव्हत्या. १९४१ मध्ये कॅनडाच्या हवाई दलात स्त्रियांचा विभाग निघाला. हवाई छत्र्यांच्या घड्या घालून बांधायचे कामही त्यांच्याकडे असे. घडी चुकली की माणूस संपला.

मार्च १९४५ अखेर योजना संपली. तोवर १ लाख ३१ हजारांवर माणसे शिकून गेली होती, त्यांत वैमानिक जवळपास ५० हजार. उरलेली विमाने मोडीत निघाली, आणि ती घेतली कोणी? शेतकऱ्यांनी! अॅन्सनच्या टाकीतले पेट्रोल ट्रॅक्टरला, चाके गाड्याला, नट-बोल्ट अवजारांना. सांगाडा राहिला गोठ्यामागे, गवतात. पुढे ब्रँडन गावी, जुन्या विमानशाळेच्याच हँगरमध्ये संग्रहालय निघाले, तेव्हा ती माणसे शेतोशेती फिरून हे सांगाडे गोळा करू लागली.