झाकण उघडं, किटली चालूच!

बालमित्रांनो, वसतिगृहात राहणारे तुमचे ताई-दादा विजेच्या किटलीत शेवया शिजवतात का? मग त्यांना हे जरूर वाचून दाखवा.

पाणी उकळलं की किटली आपोआप बंद होते. कशी बरं? वाफ आतल्या वाटेने दोन धातूंच्या एका पट्टीपर्यंत जाते. पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. झाकण उघडं असलं तर वाफ वरूनच निघून जाते आणि किटली चालूच राहते! शेवया, दूध फेसाळून उतू जातं. ते बटणात शिरलं तर शॉक बसू शकतो.

आपलं बुलढाणा शहर सुमारे ६५० मीटर उंचावर. म्हणून इथे पाणी १०० नव्हे, जवळपास ९८ अंशांनाच उकळतं. बारीक शेवयांना तेवढं पुरतं. तेव्हा किटलीत फक्त पाणी उकळा. ते डब्यातल्या शेवयांवर ओता, झाकण लावा आणि दहा मिनिटं थांबा. झाल्या तयार!

१५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर वीज ओढते. तिला १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेटच हवा. आणि हो, घरी करताना आई-बाबा जवळ हवेतच!