धुराची गाडी आणि विहिरीतला डास



पावसाळ्यात अलिबाग ते मुरूड या पट्ट्यातल्या एखाद्या गावी संध्याकाळच्या वेळी तुम्ही असाल, तर एक देखावा तुमच्या चांगल्या परिचयाचा असेल. खांद्याला यंत्र अडकवलेला एक माणूस आळीत शिरतो. यंत्राची फटफट सुरू होते, नारळी-पोफळींच्या मधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात, पोरे आरडाओरडा करीत त्यामागे धावतात आणि पडवीत बसलेली वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, "चला, फवारणी झाली. आता डास गेले!"

मला विचाराल, तर खरा धोका या समाधानातच आहे. (धुरामागे मात्र धावू नका. तेलात मिसळलेले कीटकनाशक असते ते, गंमत नव्हे.)

त्या धुराने काय होते ते पाहा. त्या घटकेला हवेत उडणारे डास मरतात, त्यापलीकडे काहीही नाही. त्याच वेळी मागच्या परसातल्या विहिरीत, गच्चीवरच्या उघड्या टाकीत, बांधकामावरच्या पाण्याच्या हौदात शेकडो अळ्या आणि कोष स्वस्थ असतात. धूर पाण्यात शिरत नाही. दुसऱ्या दिवशी कोषातून नवे डास बाहेर पडतात. शिवाय हिवतापाचा प्रसार करणारी अ‍ॅनॉफिलिस डासाची मादी बहुधा रात्री चावते. धुराचे यंत्र तोवर खोलीत कुलूपबंद झालेले असते. साथ भडकली असता एकदम पुष्कळ डास मारण्यासाठी धुराचा उपयोग आहे, हे मी नाकारीत नाही. पण तोच एक उपाय समजून वर्षातून दोनदा धूर काढायचा आणि बाकी पाण्याकडे पाहायचे नाही, याला हिवताप नियंत्रण म्हणणे मला पटत नाही.

यात एक सुंदर गणित दडलेले आहे. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे अ‍ॅनॉफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी पाहिले, हे तुम्ही वाचले असेल. पुढे याच रॉस यांनी गणित मांडून असे दाखवले की, हिवताप घालवण्यासाठी जगातला शेवटचा डास मारण्याची गरज नाही. कारण असे की, रोग्याचे रक्त प्यालेली मादी लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. तिच्या शरीरात परजीवीची वाढ पूर्ण व्हायला आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगली पाहिजे. समजा, रोज दहांतला एक डास मरतो. मग शंभरांपैकी बाराव्या दिवसाअखेर किती उरतील? ०.९ चा बारावा घात काढा. उत्तर सुमारे २८ येईल. आता रोज दहांतले दोन मरतात असे धरा आणि ०.८ चा बारावा घात काढा. उरतात अवघे सात! रोजचा मृत्यू दुप्पट झाला, पण धोकादायक डास चौथ्या हिश्श्यावर आले. म्हणजे एका संध्याकाळी मोठा संहार करण्यापेक्षा रोज थोडे थोडे मारीत राहणारा उपाय कितीतरी सरस.

घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची कल्पना नेमकी हीच होती. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते, आणि भिंतीवरचे औषध महिनोन्‌महिने टिकते. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास आपल्या देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने मरत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ साली त्याचेच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ सालचे. आजीला विचारा, भिंतीवर फवारणी करून पांढरा ओघळ ठेवून जाणारी माणसे आणि बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेणारा कर्मचारी तिला आठवत असेल. १९६५ साली देशभरात रुग्ण उरले जेमतेम एक लाख. साडेसात कोटींवरून एक लाख!

आणि १९७६ साली? चौसष्ट लाख.

हे कसे झाले, याची कारणे पुष्कळ सांगतात. डीडीटीला न जुमानणारे डास निपजले. अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस या आपल्या खेड्यांतल्या प्रमुख डासात ही प्रतिकारशक्ती १९५९ मध्येच, तेव्हाच्या द्विभाषिक मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात दिसून आली होती. औषधे वेळेवर मिळेनात, शहरे वाढली. ही सारी कारणे खरी आहेत. परंतु माझ्या मते एक कारण त्यांच्या बरोबरीचे आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. रुग्ण कमी झाले, तशी पाहणारी नजर ढिली पडली. शेजारच्या श्रीलंकेत तर हे प्रयोगशाळेतल्या प्रयोगाइतके स्वच्छ दिसले. तिथे १९६३ साली वर्षभरात केवळ १७ रुग्ण सापडले. फवारणी आवरती घेतली गेली. १९६८-६९ च्या साथीत रुग्णसंख्या पाच लाखांवर गेली. श्रीलंकेने पुन्हा कंबर कसली आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो देश हिवतापमुक्त जाहीर केला; पण मध्ये किती वर्षे गेली ते मोजा.

आता विहिरीकडे वळू. मुंबई-गोव्याकडच्या शहरांत हिवताप पसरवतो तो अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्साय. याला गटाराचे घाण पाणी नको, स्वच्छ साठलेले पाणी हवे. विहीर, हौद, टाकी ही त्याची आवडती घरे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल लिहिला, त्यात शहरातल्या विहिरींवर बोट ठेवले होते. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असे ठरले आणि मोठा गहजब झाला. विहिरीत देव आहे, पीर आहे, ती झाकली तर कोप होईल, असे अर्ज नगरपालिकेकडे येऊ लागले. नगरपालिकेचे चिटणीस रुस्तम मसानी यांना या अर्जांत इतका रस वाटला की, त्यांनी जगभरच्या विहिरींसंबंधीच्या लोकसमजुतींवर १९१८ साली एक पुस्तकच लिहिले! हिवतापाच्या मोहिमेतून लोकसाहित्याचा ग्रंथ निघावा, हे एक नवलच.

अष्टागरातल्या आपल्या वाड्यांमध्ये विहिरीचे दुखणे वेगळे आहे. रहाट होते तोवर पाणी रोज ढवळले जाई. पुढे पंप आले, नळ आले, आणि कित्येक विहिरींचा उपसाच थांबला. पाणी स्थिर झाले, वर पालापाचोळा पडला. डासाला याहून अधिक काय हवे?

हा स्टीफेन्साय आता आपल्यापुरता राहिलेला नाही. मुरूडच्या समोर समुद्रात जंजिरा उभा आहे. तिथल्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून, हबसाणातून आले. त्याच आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबूती या बंदराच्या देशात २०१२ साली स्टीफेन्साय सापडला. आशियातला हा डास तिथे पूर्वी नव्हता. बोटींतून गेला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. त्या वर्षी जिबूतीत हिवतापाचे रुग्ण नोंदले गेले होते २७. २०२० साली ते सत्तर हजारांच्या वर गेले. २०१६ मध्ये तो इथिओपियात सापडला, पुढे आणखी देशांत. आफ्रिकेतला हिवताप हा मुख्यतः खेड्यांचा रोग. तिथली शहरे पाण्याच्या टाकीतल्या या पाहुण्याला तयार नव्हती. त्याच्याशी झगडताना तिथल्या लोकांना टाकी झाकणे आणि अळ्या मोजणे ही आपली शंभर वर्षांची जुनीच विद्या शिकावी लागत आहे.

आपणही त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९६ साली डीडीटी सोडून नवी कीटकनाशके वापरायला सुरुवात केली. अ‍ॅनॉफिलिस फ्युनेस्टस हा डास तिथून चाळीसएक वर्षांपूर्वी हद्दपार झाला होता. तो मोझांबिककडून परत आला, आणि नव्या औषधाने मरेना. २००० सालापर्यंत रुग्ण साठ हजारांवर गेले. तेव्हा डीडीटी परत आणले, औषधोपचार बदलला आणि मोझांबिक व स्वाझीलँड (आजचे एस्वातिनी) यांच्याशी मिळून सीमेच्या दोन्ही बाजूंना काम केले. रुग्ण झपाट्याने उतरले. सीमेपलीकडच्या माणसाला त्यांनी दोष दिला नाही, त्याच्या घराचीही फवारणी केली. हे मला फार मोलाचे वाटते.

कारण आपल्याकडे काय ऐकू येते? पनवेल, उरण, उलवे या भागात गेली कित्येक वर्षे बांधकामे चालू आहेत. बंदर झाले, विमानतळ झाला, इमारती उठताहेत. कामाला लांबलांबचे मजूर येतात. ताप आला की गावकरी म्हणतात, "बाहेरच्यांनी आणला." अहो, त्यांच्या झोपडीशेजारचा उघडा हौद कोणी बांधला? त्यात अळ्या कोणी पाहिल्या? हिवतापाच्या व्हायव्हॅक्स या प्रकारात परजीवी यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्यावर प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप मात्र दोन-तीन दिवसांत उतरतो. बरे वाटत असताना उरलेले अकरा दिवस गोळी घेणे तुमच्या-माझ्या हातून तरी होते का? मग रोजंदारीवर जगणारा, दर काही आठवड्यांनी मुक्काम हलवणारा माणूस कसे करील? त्याच्यापर्यंत गोळी पोचवणे हे काम मुकादमाचे, कंत्राटदाराचे आणि आरोग्य केंद्राचे आहे.

भारताने २०३० पर्यंत हिवताप हटवण्याचे ठरवले आहे. देशातले आकडे पुष्कळ खाली आले आहेत, आणि म्हणूनच मी हे आत्ता लिहितो आहे. १९६५ सालीही आकडे खालीच होते.

शिक्षकांना माझी विनंती आहे. आठवी-नववीच्या विज्ञानाच्या तासांतला आठवड्याचा एक तास पाण्याला द्या. एनॅमलचे पांढरे भांडे लांब दांड्याला बांधा. विहिरीसाठी पोहरा वापरा, मुलांना कठड्यावर वाकू देऊ नका. पाणी भांड्यात घेऊन दोन मिनिटे शांत पाहा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहणारी अळी अ‍ॅनॉफिलिसची. डोके खाली करून तिरकी लोंबकळणारी इतर डासांची. ठिकाण, तारीख, किती भांडी पाणी तपासले, किती अळ्या मिळाल्या, एवढे वहीत लिहा. अळी नाही मिळाली तर शून्य लिहा. जागा कोरी सोडू नका. डासाची जात ठरवणे तज्ज्ञांचे काम, त्यासाठी वहीची नक्कल जिल्हा हिवताप कार्यालयाकडे पाठवा. वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडायला हरकत नाही. ओढ्यात आणि तळ्यात मात्र ते सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना ते त्रासदायक ठरतात. डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते, तेव्हा दोन पाहण्यांत आठवड्याहून अधिक खंड पडू देऊ नका. दिवाळीच्या सुटीतसुद्धा.

तपासलेले पाणी परत विहिरीत किंवा गटारात ओतू नका. कोरड्या मातीवर ओता; अळ्या तिथे मरतात.