फडाचे मोल आणि वारसा

ज्या जिल्ह्याला आज अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे, त्या जिल्ह्यात तमाशाच्या गुणावगुणांचा वाद नवा नाही. संगमनेरचे शाहीर अनंतफंदी (१७४४-१८१९) यांना खुद्द अहिल्यादेवींनी तमाशाचा नाद सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला आणि त्यांनी तो मानला, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, दोनशे वर्षांच्या वादाचे सार तीत आले आहे. प्रतिभा मान्य, परंतु तिने निवडलेली जागा अमान्य, असा हा न्याय आहे. पुढे त्याच तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावच्या पवळाबाई पठ्ठे बापूरावांच्या फडात उभ्या राहिल्या. बापूरावांची कवने त्यांच्यामुळे घरोघर पोहोचली. पण बापूरावांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात गेले आणि पवळाबाईंचे मात्र आठवणींपुरतेच उरले.

या परंपरेतील अलीकडचा मोठा फड म्हणजे संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांचा. दगडाच्या खाणीत राबणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या कांताबाई तुकाराम खेडकर यांच्या फडात नावारूपाला आल्या. १९६४ मध्ये खेडकरांचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी स्वतःचा फड उभा केला आणि पुढे पुत्र रघुवीर खेडकर यांच्यासह तो नामांकित केला. कोरोनाच्या साथीत, २५ मे २०२१ रोजी, त्यांचे संगमनेर येथे निधन झाले. तेव्हापासून या फडाने मराठी रंगभूमीला नेमके काय दिले, हा प्रश्न अधूनमधून चर्चेत येतो आणि उत्तरे देणाऱ्यांचे दोन तट पडतात.

एका पक्षाचे म्हणणे असे की, तिकीट लावून तंबूत खेळ करणाऱ्या मोठ्या फडांनीच तमाशा बिघडवला. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा जो क्रम होता, त्यात रंगबाजीच्या जागी सिनेमाची गाणी आली. ढोलकी-तुणतुण्यावर विजेच्या वाद्यांनी मात केली. आणि वग, जो या खेळाचा कणा, तो उरकून टाकण्याचा विषय झाला. दुसरा पक्ष म्हणतो की, ज्या समाजांना प्रतिष्ठित रंगमंचाचे दार बंद होते, त्यांना याच फडांनी बोर्ड दिला, अन्न दिले. कांताबाईंनी वगात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि ग्रामीण प्रेक्षकाने ती डोक्यावर घेतली. स्त्रीने रंगमंचावर काय करावे याचे शहरी संकेत तिथे केव्हाच मोडले गेले होते. शिवाय शंभराहून अधिक माणसांचा बिऱ्हाडासह फिरणारा संसार एका अल्पशिक्षित स्त्रीने चालवावा, ही गोष्ट व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गातही सांगण्याजोगी आहे.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु दोघेही कलेचा विचार तिच्या खर्चापासून तोडून करतात. बोमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगक्षम कलांची एक मूलभूत अडचण मांडली. कारखान्यात यंत्राने दरमाणशी उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतन वाढते. चार वादकांची रचना वाजवायला मात्र शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. वेतन इतरांबरोबर वाढवावे लागते, उत्पादन वाढत नाही. म्हणून तूट ही अशा कलांची जन्मखूण ठरते. वगाचेही तसेच आहे. त्याला तेवढीच पात्रे, तेवढाच झिलकरी ताफा आणि तेवढीच रात्र लागते. त्यावर मालमोटारी, तंबू, जनित्र यांचा खर्च चढतो. पावसाळ्याच्या बेकार महिन्यांत कलावंतांना उचल द्यावी लागते आणि त्यासाठी फडमालक सावकाराच्या दारात उभा राहतो. वर्षाची भिस्त चैत्र-वैशाखातील जत्रांवर, आणि त्या सुपाऱ्या ठरतात नारायणगावच्या राहुट्यांत. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी नेमका हाच हंगाम बुडाला. त्यात ध्वनिक्षेपकावर रात्री दहाचे बंधन आले. जो वग मध्यरात्रीनंतर रंगे, त्याला वेळच उरला नाही. अशा स्थितीत फडमालक कमी माणसांत, कमी वेळात टाळी घेणारे सिनेमाचे गाणे निवडतो. त्याला अभिरुचीचा ऱ्हास म्हणणे सोपे आहे. पण तो आधी हिशेब आहे.

बाजाराशी हातमिळवणी केल्याचा आरोप केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात अ‍ॅबरडीन नावाचे लाकूडतोडीवर जगणारे गाव आहे. तिथे १९८७ साली ‘निर्वाणा’ हा वाद्यवृंद जन्मला. त्याच्या खरबरीत, संतप्त संगीताला ‘ग्रंज’ म्हणतात. सप्टेंबर १९९१ मध्ये निघालेली त्याची ‘नेव्हरमाइंड’ ही ध्वनिमुद्रिका जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत खपाच्या पहिल्या क्रमांकावर गेली, आणि बंडाचा माल झाला, अशी टीका सुरू झाली. प्रमुख गायक कर्ट कोबेन यांनी १९९४ मध्ये आत्महत्या केली आणि वाद्यवृंद संपला. त्याच्या कलागुणांविषयी आजही मतभेद आहेत. पण तो वाद करता येतो, कारण त्याच्या तीन ध्वनिमुद्रिका शाबूत आहेत. नवा श्रोता त्या ऐकून आपले मत बनवतो आणि त्यांचे उत्पन्नही हक्कदारांना मिळत राहते. फडाचा वग मात्र पहाटे तंबू उतरला की संपतो. ज्यांनी कांताबाईंना भर रंगात पाहिले ते प्रेक्षक आता वृद्ध झाले. उद्या वाद घालायलाही पुरावा राहणार नाही.

म्हणून वारशाचा प्रश्न पुरस्कारांनी सुटत नाही. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा शासनाचा जीवनगौरव कांताबाईंना मिळाला, हे उचितच झाले. पण ज्या विठाबाईंचे नाव त्या पुरस्काराला आहे, त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली, हेही महाराष्ट्र जाणतो. कलावंताला म्हातारपणी शाल देणारा समाज त्याच्या उमेदीच्या काळात त्याचे भांडवल सावकारावर सोपवतो, ही विसंगती आहे. पूर्णवेळ फडांना शासकीय अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले गेले, त्याला दिशा हवी. पूर्ण वग सादर करणाऱ्या फडाला अधिक साहाय्य, हंगामापूर्वी सहकारी पद्धतीने माफक व्याजाचे कर्ज, आणि जुन्या वगांचे कलावंतांचे हक्क राखून ध्वनिचित्रमुद्रण, या तीन गोष्टी अशक्य नाहीत. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी घातला गेला, त्या जिल्ह्याला हंगामी धंद्याला भांडवल कसे पुरवावे हे निराळे शिकवण्याची गरज नाही.

उसाला जे कळले ते फडाला का लागू होऊ नये? पवळाबाईंची लावणी आज कोणालाच ऐकता येत नाही. त्या काळी तसे साधन नव्हते, असे म्हणता येते. कांताबाईंच्या पिढीचा वगही असाच हरवला, तर तेवढीही सबब राहणार नाही.