पत्र्याचा भाव सगळे विचारतात, कामाचा कोणी विचारत नाही

मे महिना लागला की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथे पत्र्याच्या दुकानांवर गर्दी होऊ लागते. पावसाळा तीन-चार आठवड्यांवर आलेला असतो, मागच्या वर्षीची गळती घरच्यांनी विसरू दिलेली नसते आणि घरमालकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, पत्रा काय भावाने दिला? आम्ही कापडाच्या धंद्यात उभी हयात घालवली आहे. नुसता भाव विचारणारे गिऱ्हाईक आम्ही रोज पाहतो. त्याला पन्हा माहीत नसतो, सुताची प्रत माहीत नसते, आणि पहिल्या धुण्यात कापड आटले की तो दुकानदाराला बोल लावतो. छताच्या बाबतीत आपले बहुतेक बांधव असेच गिऱ्हाईक आहेत. म्हणून जुने छत काढून नवे घालताना काय अपेक्षा ठेवावी व काय कागदावर मागून घ्यावे, याविषयी चार गोष्टी मांडतो.

हा प्रश्न आपल्या भागात लहान नाही. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बरॅकींत वसवले गेले आणि १९४९ साली गावाला आजचे नाव मिळाले. आजही पत्त्यात बरॅक नंबर लिहिला जातो. बरॅकींच्या जागी व आजूबाजूला खोल्या उठल्या, खोल्यांवर माळे चढले, माळ्यांवर पत्रे पडले. कॅम्प पाचमधील जीन्सची शिलाई असो, अंबरनाथमधील लेथचा गाळा असो की बदलापुरातील बैठ्या घराच्या ओट्यावरची शेड असो, वर पत्राच आहे. आपल्याकडे त्या पत्र्याखाली केवळ माणसे राहत नाहीत. तिथे माल असतो, यंत्र असते, घरातल्या बायकांचे शिलाईचे काम असते. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. खालून पाणी चढले की माल माळ्यावर जातो, म्हणजे थेट छताखाली. तेच गळके असेल तर वाचवलेला मालही भिजणार.

पत्र्याआधी सांगाडा

कारागीर मापे घ्यायला येतो तेव्हा तो लांबी-रुंदी घेऊन निघून जात असेल तर त्याला थांबवावे. त्याने आधी खालचा सांगाडा पाहिला पाहिजे. लाकडी वासे असतील तर ते भिंतीत शिरतात तिथे वाळवी व कूज पाहावी. लोखंडी पाइप असतील तर जोडावर हातोडी मारून गंज पाहावा. गंजलेल्या पाइपावर नवा पत्रा घालणे म्हणजे जीर्ण अस्तरावर नवे कापड शिवणे होय.

येथे एक बारकावा आहे. सिमेंटचा ६ मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा दर चौरस मीटरला सुमारे १३-१४ किलो भरतो, तर अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत लोखंडी पत्रा ४ ते ५ किलोच भरतो. वजन घटले म्हणून मालक खूश होतो. परंतु जड पत्रा काही अंशी स्वतःच्या वजनानेच बसून राहतो, हलक्या पत्र्याला वारा उचलतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या तालुक्यांत असंख्य घरांचे पत्रे आणि कौले उडाली. म्हणून हलका पत्रा घालताना स्क्रू जास्त लागतात, कडेला व कोपऱ्यांवर तर अधिकच, आणि जुन्या आडव्या पाइपांमधले अंतर जास्त असेल तर मध्ये नवे पाइप टाकावे लागतात. हा खर्च दुकानदाराच्या भावात नसतो. तो नंतर निघतो आणि मग भांडण होते.

इमारतीच्या गच्चीवर शेड घालायची असेल तर सावधगिरी दुप्पट हवी. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. जुन्या स्लॅबवर लोखंडी खांब उभे करण्यापूर्वी इंजिनीअरकडून तपासणी करून घेणे हा वायफळ खर्च नव्हे. जाणकाराची फी छताच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असते.

कोणता पत्रा, कोणासाठी

लोखंडी पत्रा उन्हात तापतो आणि पावसात वाजतो. ज्याच्या घरात दुपारी मशीनवर काम चालते त्याने पत्र्याखाली थर घालण्याचा खर्च धरावाच. फॉइलचा फोम, काचलोकर किंवा दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार पॅनेल असे तीन मार्ग आहेत, आणि त्यांचा खर्च याच क्रमाने बहुधा चढत जातो. रंग फिका घ्यावा, गडद निळा पत्रा दिसायला छान पण तापायलाही पहिला. थर नसेल तर दमट हवेत पत्र्याला आतून घाम सुटतो आणि तो थेंबथेंब गठ्ठ्यांवर पडतो. मालक म्हणतो छत गळते, कारागीर म्हणतो गळत नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात.

उजेडासाठी घातला जाणारा पॉलिकार्बोनेटचा पत्रा अलीकडे ओट्यावर आणि गच्चीवर फार दिसतो. त्याच्या एका बाजूला ऊन अडवणारा थर असतो व ती बाजू वरच हवी. उलटा बसवला तर तो पिवळा पडतो व तडकतो. उन्हाने हा पत्रा दर मीटरला दोन-तीन मिलिमीटर वाढतो, म्हणून स्क्रूचे भोक थोडे मोठे ठेवावे लागते. आणि कापडवाल्यांना आमची सूचना आहे की असल्या पत्र्याखाली रंगीत माल ठेवू नये. उजेडाने रंग उडतो आणि घडीची कड फिकी पडते.

मोजमापात पन्ह्याची गोष्ट विसरू नये. पत्र्याचा पूर्ण पन्हा एक आणि एकावर एक चढवल्यावर प्रत्यक्ष झाकणारा पन्हा दुसरा. भाव पूर्ण पन्ह्यावर आणि हिशेब झाकणाऱ्या पन्ह्यावर झाला की दोन-तीन पत्र्यांचा फरक पडतो. जाडी किती, ती रंगासह की रंगाशिवाय, हेही बिलावर लिहून घ्यावे. बिल पक्के, जीएसटीचे घ्यावे, त्याशिवाय पत्रा गंजल्यावर कंपनीच्या हमीला अर्थ उरत नाही.

जुन्या पत्र्याचे काय

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः लेखणी उचलली तिच्याकडे येतो. आपल्या भागातील जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲसबेस्टॉसचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲसबेस्टॉसच्या सर्व प्रकारांनी कर्करोग होतो. ब्रिटनने १९९९ साली त्याच्या वापरावर बंदी आणली, युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे. आपल्या देशात या पत्र्यांवर सरसकट बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९५ साली ॲसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ ठेवण्याचा आदेश दिला, कारण हा आजार श्वासातून धूळ गेल्यावर पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षांनी डोके वर काढतो.

घाबरून जाण्याचे कारण नाही. धड पत्रा छतावर नुसता पडून आहे तोवर त्याचा उपद्रव कमी असतो. धोका तो फोडताना, करवतीने कापताना, तारेच्या ब्रशने घासताना आणि झाडून काढताना असतो. आपल्याकडे नेमके हेच होते. दोन पोरे वर चढतात, हातोडीने पत्रे फोडून खाली टाकतात, खाली लहान मुले उभी असतात आणि तुकडे गल्लीतल्या खड्ड्यात भरणी म्हणून जातात. योग्य रीत साधी आहे. पत्रा पाण्याने भिजवावा, हुक सोडवून अखंड उतरवावा, फोडू नये, प्लास्टिकमध्ये गुंडाळावा, काम करणाऱ्याने तोंडाला रुमाल नव्हे तर बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा. घरातली माणसे व माल त्या दिवशी दुसरीकडे हलवावा. यामुळे एक दिवस वाढतो, तेवढी मजुरीही वाढते.

दुसरा धोका पायाखालचा. सिमेंटचा जुना पत्रा माणसाचे वजन पेलेल याचा भरवसा नसतो. त्यावर थेट पाय ठेवणारा कारागीर पत्र्यासकट खाली येतो. सांगाड्यावर आडव्या फळ्या टाकून त्यावरूनच चालावे, कमरेला पट्टा असावा. आमच्या वाचकांत घरमालक आहेत तसे वेल्डिंग व फॅब्रिकेशन करणारे कारागीरही आहेत. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी १८ ते ६० वर्षे वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला मिळते. ती करून घ्यावी. आणि मालकांना आमचा सवाल आहे की फळी, पट्टा व मास्क यांचा खर्च वगळून जो भाव स्वस्त होतो तो खरोखर स्वस्त आहे काय? त्या भावाची भरपाई कोणाचा तरी पाय नाही तर फुप्फुस करणार असते.

कागद आणि परवानगी

त्याच उंचीवर, त्याच मापाचे छत बदलणे सर्वसाधारणपणे दुरुस्तीत मोडते. भिंत दोन फूट चढवली, माळ्याची खोली केली की ते बांधकाम होते. उल्हासनगरच्या अनधिकृत बांधकामांसाठी २००६ साली सरकारला खास कायदा करावा लागला, हा इतिहास ताजा आहे. तेव्हा उल्हासनगरात महापालिकेकडे, अंबरनाथ व बदलापुरात नगरपरिषदेकडे आधी लेखी विचारणा करावी. तोंडी होकार कामाचा नाही. भाड्याच्या जागेत घरमालकाची लेखी संमती घ्यावी, अन्यथा छत तुमच्या पैशाचे आणि ताबा वादाचा.

कारागिराशी करार एका पानाचा पुरतो. त्यात पत्र्याची जाडी, नव्या पाइपांची संख्या, स्क्रू व रबरी वॉशर, जुना पत्रा उतरवण्याची रीत, पन्हळ व पाणी सोडण्याची जागा, कामाचे दिवस आणि एकूण रक्कम लिहावी. सुमारे ५०० चौरस फुटांचे छत सांगाडा चांगला असेल तर दोन-तीन दिवसांत होते, सांगाडा बदलायचा असेल तर आठवडा धरावा. एक तृतीयांश रक्कम आगाऊ, मोठा भाग काम झाल्यावर आणि दहावा हिस्सा पहिल्या जोरदार पावसानंतर द्यावा. मात्र पाऊस पडून छत कोरडे राहिले तरी तो दहावा हिस्सा बुडवणारे मालकही आम्ही पाहिले आहेत. कारागिराच्या घामाचे पैसे अडवणे ही व्यापाराची रीत नव्हे. तारीख कागदावर असली की दोघांचीही सोय होते.

राहिला प्रश्न उतरवलेल्या पत्र्यांचा. एकटा घरमालक ते कुठे नेणार? उल्हासनगर महापालिका तसेच अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत जुने सिमेंटचे पत्रे अखंड व गुंडाळलेल्या स्थितीत स्वीकारण्याची जागा ठरवून द्यावी, अशी आमची मागणी आहे. व्यापारी संघटनांनी व मोहल्ल्यातील जबाबदार मंडळींनी याचे निवेदन आताच द्यावे. पावसाळा संपला की हा विषय सगळेच विसरतात. दिवाळीनंतर कोरडे दिवस असतात, कारागीर मोकळे असतात, भावही मेच्या घाईइतके चढलेले नसतात. ज्यांना पुढच्या वर्षी छत बदलायचे आहे त्यांनी सांगाड्याची पाहणी तेव्हाच करून घ्यावी.