नक्षी कसली बघता?

बंद पडलेल्या ट्रकचं तोंड उचललं की त्याचा भार रिकव्हरी गाडीच्या मागच्या चाकांवर येतो. आणि आपले लोक टायर घेताना बघतात काय? नक्षी किती रांगडी, भाव किती कमी! अहो, मोठ्या खाचा चिखलात कामाच्या. खारदुंग लाच्या घट्ट बर्फावर थंडीतही मऊ राहणारं रबर हवं, नक्षीत बारीक चिरा हव्यात. काचेसारखा बर्फ असेल तर साखळीच. टायरच्या बाजूवरचा लोड इंडेक्स वाचा. तारखेचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. गोदामातच म्हातारा झालेला टायर ‘नवा’ कसा? स्वस्त निविदेवर सही करणाऱ्या साहेबांनी एकदा, ओढलेल्या ट्रकसकट, ड्रायव्हरशेजारी बसून तो घाट उतरावा.